भाईंचा आवाज टोचतो, बायचा पोचत नाही

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आवरून इथे देतो.

‘मी आईसोबत राहते. आई ८१ वर्षांची आहे, उजव्या कानाला मशीन आहे. दर रविवारी सकाळी दहाला आमचं कुटुंब मोबाईलवर मीटिंगला बसतं. थोरले भाई डोंबिवलीहून, धाकटी बाय वाळपईहून आणि भाचा दुबईहून. भाईंचा आवाज इतका मोठा येतो की आई कानावर हात धरते, आणि बायचं तिला अक्षर ऐकू येत नाही. मी आवाज वाढवला की भाई गरजतात, कमी केला की बाय नाहीशी होते. गेल्या महिन्यात मी न राहवून भाईंना म्यूट केलं. त्यांच्या स्क्रीनवर ते दिसलं. तेव्हापासून दोन रविवार ते आले नाहीत, वहिनी म्हणतात त्यांना बरं नाही. गणपतीची चवथ तोंडावर आली आहे. भाई आणि भाचा यंदा गावी येणार नाहीत, आरतीला मोबाईलवर बसायचं ठरलंय. एकाच माणसाचा आवाज फक्त आमच्याकडे कमी-जास्त करायची सोय असते का? आमच्या अ‍ॅपमध्ये मला ती सापडली नाही. आणि सगळ्यांना मिळून आरती म्हणता येईल का?’

ताई, सोयीचं आधी सांगतो आणि मग भाईंकडे येतो. पत्र दोनदा वाचलं. तुमची झोप आवाजाने उडालेली नाही, त्या दोन रिकाम्या रविवारांनी उडाली आहे.

मी पंचवीसेक वर्षं फोंडा, डिचोली, सत्तरी आणि पेडण्याच्या गावांतून जत्रेच्या आणि काल्याच्या नाटकांना साउंड लावला आहे. देवळासमोरच्या मांडवात मिक्सर मांडून बसलं की प्रत्येक माइकची एक वेगळी पट्टी बोटाखाली असते. तिला आम्ही फेडर म्हणतो. राजाचा माइक फुटायला लागला की त्याची पट्टी थोडी खाली, नायिका बसक्या आवाजात बोलली की तिची वर, आणि प्रेक्षकाला काही कळतसुद्धा नाही. तुम्ही मागताय तो हाच फेडर, फक्त आईच्या कानाशी ठेवलेला. मागणी अगदी रास्त आहे, आणि ती करणारे तुम्ही एकटे नाही. कोविडच्या काळात घराघरांतून मीटिंगा सुरू झाल्या तेव्हापासून मला हा प्रश्न विचारला जातो. तरीही बहुतेक नावाजलेल्या अ‍ॅपांनी ऐकणाऱ्याच्या हातात सगळ्यांसाठी मिळून एकच आवाजाचं बटण दिलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

वाईट अशासाठी की आवाज वेगवेगळे करणं तितकं अवघड नाही. आजच्या बऱ्याच मीटिंगांत प्रत्येकाचा आवाज आपापल्या स्वतंत्र धाग्याने सर्व्हरपर्यंत जातो आणि तसाच वेगळा तुमच्या फोनपर्यंत येतो. भाईंचा धागा वेगळा, बायचा वेगळा. ते एकत्र होतात ते शेवटच्या क्षणी, तुमच्याच फोनच्या पोटात. म्हणजे मिसळण्याआधी एकाला चिमटीत धरून कमी करता येतं. जुन्या पद्धतीच्या कॉन्फरन्समध्ये, किंवा तुम्हीच मीटिंगला साध्या फोनवरून नंबर लावून जोडला गेलात तर, सगळे आवाज आधीच मिसळून एकच धार तुमच्याकडे येते. तिथे मग इलाज नसतो. सोलकढीतून नारळाचा रस परत वेगळा काढता येत नाही, तसंच ते.

ज्यांनी हा फेडर दिला आहे अशांपैकी दोन मला खात्रीने माहीत आहेत आणि मी स्वतः वापरले आहेत. एक डिस्कॉर्ड. २०१५ मध्ये खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी निघालेलं अ‍ॅप. खेळताना कोण ओरडतो, कोण पुटपुटतो, म्हणून त्यांनी पहिल्यापासून याचा विचार केला. संगणकावर त्या माणसाच्या नावावर उजवं बटण दाबायचं, फोनवर नावावर बोट टेकवायचं, की त्या एकाच माणसाची पट्टी उघडते. शून्यापासून २०० टक्क्यांपर्यंत. भाईंना ४० वर ठेवा, बायला १७० वर, आणि हे फक्त तुमच्या फोनवर घडतं. भाईंना त्याची सूचना जात नाही. दुसरं जित्सी मीट. एमिल इव्होव नावाच्या विद्यार्थ्याने २००३ मध्ये स्ट्रासबर्गच्या विद्यापीठात सुरू केलेल्या कामातून वाढलेलं, सगळ्यांना खुलं असलेलं अ‍ॅप. संगणकाच्या ब्राउझरमध्ये मीटिंग उघडली की त्या माणसाच्या चौकटीवरच्या तीन टिंबांत आवाजाची पट्टी मिळते. भाईंची पट्टी निम्म्यावर आणायची आणि मग लॅपटॉपचा एकूण आवाज वाढवायचा. भाई होते तिथेच राहतात, बाय वर येते. मीटिंग सुरू करणाऱ्याला २०२३ पासून तिथे गूगलसारख्या खात्याने आत जावं लागतं. बाकीच्यांनी फक्त दुवा दाबायचा.

तरी सगळ्यांना एकदम तिकडे नेऊ नका असं मी म्हणेन. अ‍ॅप बदलायचं तर घरातल्या सगळ्यांनी बदलावं लागतं, आणि दुखावलेल्या भाईंना पहिला निरोप ‘भाई, हे नवं अ‍ॅप घाला’ असा गेला तर त्यांना वाटेल, माझ्यामुळेच हा सगळा खटाटोप. दुसरी अडचण दुबईची. तिथे इंटरनेटवरच्या कॉलवर निर्बंध आहेत, व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लागत नाही हे तुमच्या भाच्याने सांगितलं असेलच. तेव्हा नवं काही ठरवण्याआधी त्याच्याकडून एकदा चाचणी करून घ्या. शिवाय ही अ‍ॅपं सारखी बदलत असतात, काल नसलेलं बटण उद्या येतं. तुमच्या अ‍ॅपची ताजी आवृत्ती घालून, भाईंच्या चौकटीवर बोट दाबून धरून काय उघडतं ते अजून एकदा पाहा.

आता आईच्या कानाविषयी, कारण मला वाटतं घरात याबद्दल एक गैरसमज असेल. ‘एवढं मोठ्याने बोललं तर टोचतं म्हणते, हळू बोललं तर ऐकू येत नाही म्हणते, हिला हवं तरी काय’ असं कोणी ना कोणी म्हणतंच. आईचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. वयाने कान उतरतो तेव्हा हलके आवाज जातात, पण मोठे आवाज तरुण कानाइतकेच, कधी त्याहून जास्त टोचतात. ऐकू येणं आणि टोचणं या दोन टोकांमधली जागा अरुंद होते. तुमच्यामाझ्या कानात भाई आणि बाय दोघेही त्या जागेत आरामात मावतात. आईच्या कानात एक वरून बाहेर पडतो, दुसरी खालून. म्हणून तुम्ही एकच बटण वर-खाली करत बसलात तर दर वेळी कोणीतरी बाहेरच राहणार.

आणखी एक. उतारवयात आधी उंच पट्टीचे आवाज जातात, आणि आपल्या बोलण्यातले स, त, थ, फ असे वर्ण त्याच पट्टीत असतात. म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही. ‘साखर’ आणि ‘खापर’ सारखंच वाटायला लागतं. बायने ओरडून यावर फरक पडत नाही. स्वच्छ, जवळून आणि सावकाश बोलल्याने पडतो. मशीन बसवून बरीच वर्षं झाली असतील तर बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कान-नाक-घसा विभागात किंवा जिथून घेतलं तिथे ते एकदा तपासून घ्या. मोठा आवाज कुठे थोपवायचा याची मर्यादा मशीनमध्ये बदलून मिळते, आणि नव्या मशीनांपैकी बरीचशी ब्लूटूथने थेट फोनला जोडता येतात. मग आवाज खोलीत घुमून न येता सरळ कानात उतरतो. माझ्या आत्येला हे करून दिलं तेव्हा तिने पहिल्यांदा नातवाचं पूर्ण वाक्य ऐकलं आणि ती बराच वेळ फोन हातातून सोडेना.

आता उगमाकडे जाऊ. मांडवात आम्ही फेडरला हात लावण्याआधी माइकची जागा बघतो, कारण जागा चुकली तर फेडर किती सांभाळणार?

बाय वाळपईला आहे, आणि वाळपईचा पाऊस मला माहीत आहे. पत्र्यावर कोसळतो तेव्हा शेजारी बसलेल्याला हाक मारावी लागते. अ‍ॅप काय करतं, सतत एकसारखा येणारा आवाज हा गोंगाट समजून कापून टाकतं. पाऊस, पंखा, मिक्सर, सगळं. बाय हळू बोलणारी असेल तर त्या कापाकापीत तिच्या शब्दांचे कडेचे भाग जातात. शिवाय मला संशय आहे की तिचा फोन कुठल्यातरी डब्याला टेकवून हातभर लांब उभा असतो. फोनचा माइक खालच्या कडेला असतो, आणि तीच कड टेबलावर टेकलेली, नाहीतर हातात धरला तर तळव्याखाली झाकलेली. तिला साध्या तारेचा, माइक असलेला इअरफोन घ्यायला सांगा. माइक कायम तोंडापासून वीतभर राहतो. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. ६० सेंटिमीटरवरून १५ वर आणलं तर १२ डेसिबल, म्हणजे कानाला दुपटीहून जास्त. खोलीत भिंतींच्या घुमण्याने हा फरक थोडा कमी पडतो, पण कुठल्याही अ‍ॅपच्या बटणाहून हा इलाज भरवशाचा आहे. नेट रडत असेल तर तिने व्हिडिओ बंद ठेवावा. आवाजाला थोडकी जागा लागते, चित्रच बहुतेक रस्ता अडवून बसतं. चेहरा सुरुवातीला दाखवावा, मग बोलताना बंद.

भाईंचं याच्या उलट. त्यांचा लॅपटॉप बहुधा अगदी तोंडासमोर असतो. तो हातभर मागे सरकवला तरी निम्मं काम होतं. त्यांच्या संगणकावर विंडोज असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग साउंड, आणि तिथे इनपुटखाली माइकची पट्टी असते, ती थोडी खाली आणायची. झूम वापरत असतील तर ऑडिओच्या सेटिंगमध्ये माइक आपोआप जुळवून घेण्याची खूण आधी काढावी लागते, नाहीतर तुम्ही खाली आणलेली पट्टी ते अ‍ॅप पुन्हा वर ओढतं. हे भाच्याकडून करून घ्या. तो दुबईहून फोनवर पायरी-पायरीने सांगेल, आणि मामाला भाच्याने सांगितलेलं लागत नाही.

पण भाई मोठ्याने का बोलतात? याचं उत्तर मला तुमच्या पत्रात सापडलं नाही, म्हणून तीन शक्यता सांगतो. एक, त्यांचाच कान उतरला असेल. स्वतःचा आवाज स्वतःला नीट येत नसेल तर माणूस चढतोच. वय पाहता हे वहिनींच्या कानावर हळूच घाला. दोन, ते दोन्ही कानांत इअरफोन कोंबून बसत असतील. फ्रान्सचे एतियेन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवून दिलं की कानात गोंगाट असला की माणूस नकळत आवाज वाढवतो, त्याला सांगूनही तो सहज आवरत नाही. डोंबिवलीच्या घरात खाली रस्ता, वर पंखा आणि दोन्ही कान बंद असतील तर भाईंचा दोष काय? जुन्या तारेच्या फोनमध्ये बोलणाऱ्याचा आवाज थोडासा त्याच्याच कानात परत सोडलेला असायचा, म्हणून माणूस आपसूक बेताने बोलायचा. लॅपटॉपवरच्या मीटिंगमध्ये ते सहसा नसतं. यावर फुकटचा इलाज आहे: एका कानातला इअरफोन काढून ठेवायचा. आपला आवाज आपल्याला ऐकू येतो आणि माणूस दोन मिनिटांत उतरतो. मी हे कित्येक गायकांवर करून पाहिलं आहे.

तिसरी शक्यता मला सगळ्यात खरी वाटते. भाईंच्या पिढीने दूरच्या माणसाशी बोलणं ट्रंक कॉलवर शिकलं. आमच्या वाड्यावर एकाच घरी फोन होता. मुंबईचा कॉल लागला की घरातला कर्ता दार-खिडक्या लोटून ओरडायचा, आणि आम्ही मुलं अंगणात उभी राहून मुंबईत कोण आजारी आहे ते ऐकायचो. जितकं लांब माणूस तितका मोठा आवाज, हे त्यांच्या अंगात मुरलं आहे. त्यात आई समोर, म्हातारी, कानाला मशीन लावलेली. भाई ओरडतात ते आईला ऐकू यावं म्हणून, ताई. तुम्ही म्यूट केलंत ते आईला टोचू नये म्हणून. दोघंही तिचीच काळजी करत होता, आणि एकमेकांना ते कळलं नाही.

म्यूटविषयी मला जे वाटतं ते एका रात्रीवरून वाटतं, ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावच्या काल्याला ऐतिहासिक नाटक होतं. मुख्य भूमिकेतले गृहस्थ वयाने मोठे, आवाज पहाडी. दुसऱ्या अंकात त्यांच्या माइकने शिट्टी मारायला सुरुवात केली. पट्टी हळूहळू उतरवायला हवी होती. मी घाबरून सरळ बंद केली. मांडवात शिट्टी थांबली, प्रेक्षकांना काही वाटलं नाही. पण त्यांना वाटलं. वाक्याच्या मध्यात स्वतःचा आवाज कर्ण्यातून नाहीसा झालेला त्यांना ऐकू आला. ते क्षणभर थांबले, माझ्याकडे बघितलं आणि माइकशिवाय उरलेला अंक पार पाडला. नाटक संपल्यावर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षी त्याच गावाला पुन्हा गेलो तेव्हा मी नाटक सुरू होण्याआधीच त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, ‘गेल्या वर्षी माझं चुकलं. तुमच्या आवाजाला माइक जवळ लागत नाही, यंदा लांब लावतो, चालेल?’ त्यांनी विचारलं, ‘किती लांब?’ मी हाताने दाखवलं. ते म्हणाले, ‘लाव.’ त्या रात्री पट्टीला हात लावावा लागला नाही.

मीटिंगमध्ये यजमानाने म्यूट केलं की त्या माणसाला ते लगेच कळतं, आणि आत बसलेल्या सगळ्यांना त्याच्या नावापुढचा तांबडा माइक दिसतो. बहुतेक अ‍ॅपांत तुम्ही त्याला पुन्हा उघडू शकत नाही, फक्त विनंती करता येते. त्याचा माइक परस्पर उघडणं म्हणजे त्याच्या घरात कान लावणं, म्हणून तो हक्क त्याच्याकडेच ठेवलाय, आणि ते योग्यच आहे. पण थोरल्या भावाच्या बाजूने बघा. आईसमोर, धाकट्या बहिणीसमोर, भाच्यासमोर त्याचं तोंड बंद झालं आणि उघडायचं तर त्याने स्वतः बटण शोधायचं. शोधता आलं नसेल तर? कदाचित ते त्या दिवशी पुढचा अर्धा तास आईशी बोलत राहिले असतील आणि कोणालाच ऐकू आलं नसेल. हे मनात येऊन मला तुमचं पत्र पुढे वाचवेना.

तुमचं चुकलं असं म्हणून सोडून देणार नाही, कारण आई कानावर हात धरून बसली असताना काहीतरी करावंच लागतं. तेव्हा यापुढे असं करा. अचानक आवाज टोचला तर आधी आपला फोन खाली करा. ते बटण तुमचं आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. मग बोला, ‘भाई, जरा मागे सरा, आईला टोचतंय.’ म्यूट ठेवा पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंग्यासाठी, कुकरच्या शिटीसाठी, कोणी माइक उघडा टाकून अंगणात निघून गेलं त्याच्यासाठी. बोलत असलेल्या माणसासाठी नको.

आता आरती. सगळ्यांनी मिळून एकाच वेळी म्हणणं जमणार नाही, आणि जमवायच्या नादात आरतीचा विचका होईल. आवाजाला तुमच्या घरून डोंबिवलीला पोचायला वेळ लागतो. बोलण्यापुरता एका बाजूला १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने तेवढी मर्यादा सुचवली आहे. तालात गायला मात्र साधारण ३० मिलिसेकंदांच्या पुढे गाडी घसरते. हवेत आवाज ३० मिलिसेकंदांत दहाएक मीटर जातो. एका टोकाला झांज आणि दहा मीटरवर दुसऱ्या टोकाला घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याचं तालवाद्य, असेल तर भजनी मंडळींची काय तारांबळ उडते ते तुम्ही पाहिलं असेल. मीटिंगमधला उशीर त्याच्या कितीतरी पट असतो. तुम्ही टाळी वाजवता, भाई ती उशिरा ऐकून तिच्याशी जुळवतात, त्यांची टाळी तुमच्याकडे आणखी उशिरा येते, तुम्ही थांबता, आणि दोन कडव्यांत आरती रांगायला लागते.

म्हणून एका वेळी एकाच घरचा माइक उघडा. पहिली आरती मूळ घरातून, घुमट-शामेळाच्या ठेक्यासकट. बाकी सगळे आपापल्या घरी तोंडाने म्हणतील, स्वतःचा माइक स्वतःच्या हाताने बंद करून. वाद्यं असतील तर तुमच्या अ‍ॅपमधली गोंगाट कापायची सोय आरतीपुरती बंद करा. झूमवर त्यासाठी ओरिजिनल साउंड चालू करायचं असतं. कापायची सोय चालू राहिली तर अ‍ॅप झांज गोंगाट समजून खातं आणि घुमटाचा घुमारा मध्येच तुटतो. २०१९ मध्ये ज्या वाद्याला गोवा सरकारने वारसा वाद्य म्हटलं, ते डोंबिवलीत डबा बडवल्यासारखं ऐकू येऊ नये. आणि भाईंना फोनच्या इवल्या स्पीकरवर ऐकू नका म्हणावं, त्यातून खर्ज येतच नाही. मोठा ब्लूटूथ स्पीकर जोडायला सांगा. घुमट वाजवणाऱ्यापासून फोन चार हात लांब, गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखालच्या पाटावर नको, बाजूला स्टुलावर. खोलीत दोन फोन मीटिंगला जोडलेले नकोत, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्यात शिरून शिट्टी सुरू होईल.

दुसरी आरती भाईंना द्या. त्यांचा तो आवाज, ज्याने हे सगळं झालं, आरतीला लागतोच. ते डोंबिवलीहून सुरू करतील, तुमच्याकडचा माइक बंद, आणि तुमचा घुमटवाला त्यांच्या आवाजाच्या मागे वाजवेल. भाईंना घुमट ऐकू येणार नाही, आणि तेच बरं, नाहीतर उशिरा आलेला ठेका ऐकून ते ओढत जातील. त्यांच्या शेजारी वहिनींनी टाळ धरला की पुरे. खोलीत आईला मात्र भाईंची आरती आणि घुमट दोन्ही एकत्र, तालात ऐकू येईल, कारण तिच्या कानाशी ते एकाच वेळी पोचतात. लॅपटॉप तेवढा मागे ठेवायला सांगायला विसरू नका. तालीम आदल्या रविवारी एकदा करून घ्या, चवथीच्या दिवशी नेवऱ्या तळता तळता सेटिंगं शोधायला कोणाला सवड नसते.

आणि भाईंना फोन करा. मीटिंग नको, मेसेज नको, साधा फोन. ‘तुम्ही ओरडता’ हा शब्द येऊ देऊ नका. म्हणा, ‘भाई, त्या दिवशी मी तुम्हांला न विचारता बंद केलं, ते माझं चुकलं. आईच्या मशीनमध्ये मोठा आवाज टोचतो, पण तुमचा आवाज नसला तर ती विचारत राहते.’ आई खरंच विचारत असेल तरच हे म्हणा, आणि मला वाटतं ती विचारतेच. मग आरतीचं सांगा. फोन आजच करा. रविवारी सकाळी केलात तर त्यांना वाटेल, मीटिंगला माणूस कमी पडतोय म्हणून आठवण झाली.